काळी माती आणि लेकीचे संशोधन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याचा मला सराव नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. माहेरच्या गावी शाळा सातवीपर्यंतच होती आणि पुढच्या शिक्षणासाठी मुलीने रोज दुसऱ्या गावी जावे, असे त्या वेळी घरात कोणाला वाटले नाही. तेव्हा ‘इंजिनिअरिंगमधील संशोधनाची पदवी’ ह्या विषयावर मी बोलणार हे ऐकून काही जणींना हसू आले असेल, तर त्यात नवल नाही. परंतु गेले दीड वर्ष माझी लेक ह्याच पदवीचा अभ्यास परगावी राहून करीत आहे. ती सुट्टीत आली की चुलीपुढे बसून मला सारे सांगते. चिटणीसबाई म्हणाल्या, “तुम्हाला जेवढे कळले तेवढेच सांगा; आम्हाला तेवढेच हवे आहे.” म्हणून उभी राहिले आहे.

आणखीही एक कारण आहे. आपल्याच दिंद्रुडातील आणखी एका मुलीला यंदा अशा शिक्षणासाठी प्रवेश मिळण्याचा योग आला आहे. तिला पाठवावे की नाही, ह्याचा तिच्या घरी अजून निकाल लागलेला नाही. मी तिचे नाव घेत नाही. तिची आई आज इथे बसली आहे, एवढे मला ठाऊक आहे.

मला नेहमी विचारला जाणारा पहिला प्रश्न असा, की “मुलगी बी. ई. झाली, इंजिनिअर झाली, आता आणखी शिकायचे काय राहिले?” हा प्रश्न माझ्या आत्याबाईंनीही विचारला होता. त्यांना मी जे उत्तर दिले तेच आपणास देते.

आपण साऱ्या जणी ज्वारीची भाकरी करतो. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते. भाकरी थापताना कडेला तुटते. मग आपण उकळते पाणी घालून उकड काढतो आणि काम भागवतो. हे करता येणे म्हणजे विद्या झाली, आणि ती आईकडून लेकीला मिळते. पण विरी जाते म्हणजे पिठात नेमके काय होते? दळल्यावर किती दिवसांनी जाते? उन्हाळ्यात लवकर जाते की पावसाळ्यात? पाणी किती ऊन असले म्हणजे परत येते? हे कोणी मोजून, पुन्हा पुन्हा करून, लिहून काढले आणि चार जाणत्यांपुढे ठेवले, तर ते संशोधन झाले. बी. ई. मध्ये मुलगी आधी सिद्ध झालेल्या गोष्टी शिकते. संशोधनाच्या पदवीत ज्या प्रश्नाचे उत्तर अजून पुस्तकात आलेले नाही, असा एक लहानसा प्रश्न तिला हाती घ्यावा लागतो आणि त्याचा शेवटपर्यंत पाठपुरावा करावा लागतो.

बी. ई. नंतरची एम्. टेक्. ही पदवी दोन तऱ्हांनी मिळते. एका तऱ्हेत निम्मा काळ वर्ग आणि परीक्षा असतात, नंतर एक प्रकल्प असतो. दुसरी तऱ्हा संशोधनाची. तिच्यात वर्गातले विषय थोडेच असतात आणि बाकीचा सारा काळ एका प्रश्नाला द्यायचा असतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अशी संशोधनाची एम्. टेक्. आहे. मद्रासच्या आय. आय. टी. मध्ये तिलाच एम्. एस्. म्हणतात. मुलीला एक मार्गदर्शक प्राध्यापक मिळतात. आधी त्या प्रश्नावर दुसऱ्यांनी काय काय लिहिले ते सारे वाचायचे, मग प्रयोग ठरवायचे, ते करायचे, आणि शेवटी प्रबंध लिहून द्यायचा. बाहेरचे परीक्षक तो प्रबंध तपासतात आणि मुलीला समोर उभी करून प्रश्न विचारतात. ह्या सगळ्याला दोन ते तीन वर्षे लागतात.

आता माझ्या लेकीने घेतलेला प्रश्न कोणता, ते सांगते. तो ऐकून आपणास तो आपल्याच अंगणातला वाटेल. तिचा प्रश्न काळ्या मातीचा आहे.

आपल्याकडे जुनी माणसे गावाचे दोन भाग सांगत, काळी आणि पांढरी. काळीत पेरायचे आणि पांढरीत राहायचे. माळवदावर टाकायला आणि भिंती घालायला पांढरीचीच माती आणायची. काळ्या मातीवर घर बांधू नये, हे त्यांना चांगले ठाऊक होते. पण गाव वाढले, पांढरी पुरेनाशी झाली, आणि आपली पुष्कळ नवी घरे काळ्या रानात गेली. मग काय होते ते आपण पाहतोच. उन्हाळ्यात अंगणाला भेगा पडतात, इतक्या की पोराचा पाय जावा. पावसाळ्यात तीच माती फुगून वर येते. दाराची चौकट वाकडी होते, कवाड लागेनासे होते, आणि भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी चीर जाते. आपण दर दिवाळीला ती चीर सिमेंटने बुजवतो आणि पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते. गवंड्याला बोल लावतो. पण दोष पुष्कळदा खालच्या मातीचा असतो.

लेकीने मला त्याचे कारण असे सांगितले. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे एक खनिज असते. त्याचे कण कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक असतात. पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते आणि त्यांना दूर सारते. म्हणून माती फुगते. पाणी गेले की पापुद्रे जवळ येतात आणि माती आखडते. तिच्या प्रयोगशाळेत हे पाहण्याची एक साधी रीत आहे. बारीक चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम घेऊन काचेच्या दोन उंच मापांत टाकतात. एकात पाणी घालतात आणि दुसऱ्यात रॉकेल. चोवीस तास तसेच ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींची उंची पाहिली की ती माती किती फुगणारी आहे ते कळते. आपल्या घरातल्या वस्तूंनीच हे होते, हे ऐकून मला फार कौतुक वाटले.

दुसरी एक गोष्ट ऐकून तर मी हसलेच. माती दाबून घट्ट करण्याची त्यांची एक परीक्षा असते. लोखंडी डब्यात माती तीन थरांत भरायची आणि प्रत्येक थरावर २.६ किलोचे वजन ३१ सेंटिमीटरवरून पंचवीस वेळा टाकायचे. मातीत पाणी कमी असले तर ती नीट दबत नाही, आणि जास्त झाले तरी दबत नाही. मधले एक प्रमाण असते, त्यालाच माती सर्वांत घट्ट बसते. मी म्हटले, “अगं, हे तर आमचे धुमसाने भुई ठोकणे झाले! पाणी किती शिंपायचे ते माझ्या आईच्या हाताला कळत होते.” ती म्हणाली, “आई, तेच आहे. फक्त आजीच्या हाताला जे कळत होते ते आम्ही आकड्यांत लिहितो, म्हणजे आजीला न पाहिलेल्या माणसालाही ते करता येते.” भगिनींनो, शिकलेल्या मुली घरच्या कामाला तुच्छ मानतात असे म्हणतात. मला तरी उलटा अनुभव आला.

ह्या मातीवर पूर्वी कोणी विचार केला नाही असे नाही. मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक आर. के. कट्टी ह्यांनी काळ्या मातीच्या अभ्यासात पुष्कळ वर्षे घातली. न फुगणाऱ्या पण एकमेकांना धरून राहणाऱ्या मातीचा, म्हणजे आपल्या चांगल्या मुरमासारख्या मातीचा, सुमारे एक मीटर जाडीचा थर काळ्या मातीवर दाबून बसवला, तर खालच्या मातीचे फुगणे पुष्कळच आटोक्यात येते, असे त्यांनी दाखवून दिले. १९७८ साली त्यांनी ह्या विषयावर देशातील माती-अभियंत्यांपुढे व्याख्यान दिले होते. काळ्या मातीतून जाणाऱ्या कालव्यांच्या अस्तराखाली असा थर देण्याची रीत पुढे सरकारी मानकातही आली. आपल्या तालुक्यातून माजलगावच्या धरणाचे कालवे गेलेले आहेत. कालव्याचे अस्तर फुटले म्हणजे शेवटच्या शेतकऱ्याचे पाणी तुटते. तेव्हा हा प्रश्न किती जणांच्या पोटाशी जाऊन भिडतो हे निराळे सांगायला नको.

पण सगळीकडे मुरूम जवळ मिळत नाही, आणि आणायचा तर वाहतुकीचा खर्च होतो. म्हणून कोणी काळ्या मातीत चुना मिसळून पाहतात, कोणी राख. साखर कारखान्यांत उसाची चिपाडे जाळून जी राख उरते, ती चुन्याबरोबर मातीत मिसळली तर फुगणे किती कमी होते, ह्यावर देशात पुष्कळ ठिकाणी काम चालले आहे. माझ्या लेकीचा प्रश्न त्यातलाच एक तुकडा आहे. किती माती, किती चुना, किती राख, आणि पावसाळे-उन्हाळे आलटून पालटून आले तर ते मिश्रण टिकते का, एवढेच तिला पाहायचे आहे. आपल्या जिल्ह्यातील किती घरची माणसे दरसाल कोयता घेऊन ऊस तोडायला जातात! त्या उसाच्या राखेने त्याच माणसांच्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या, तर ह्याहून चांगले काय?

“एवढ्यासाठी दोन वर्षे कशाला?” असेही मला विचारतात. चुना घातलेल्या मातीचे नमुने काही सात दिवस तर काही अठ्ठावीस दिवस मुरत ठेवावे लागतात, मग त्यांची परीक्षा होते. एक उत्तर यायला महिना जातो. मागल्या उन्हाळ्यात तिचे बरेच नमुने तडकून वाया गेले आणि चार महिन्यांचे काम पुन्हा करावे लागले. फोनवर रडत होती. तिच्या मार्गदर्शकांनी तिला सांगितले, की कोणत्या प्रमाणात नमुने तडकतात तेही लिहून ठेव, पुढच्या मुलीचे चार महिने वाचतील. बी. ई. च्या परीक्षेत उत्तर चुकले की गुण जातात. इथे उलटे आलेले उत्तरही खरेपणाने लिहिले तर उपयोगी पडते. अशी सवय लागलेली मुलगी संसारातही खोटे बोलून वेळ मारून नेणार नाही, असे मला वाटते.

आता काही जणी म्हणतील, “हे बायकांचे काम नव्हे.” त्यांच्यासाठी दोन मराठी स्त्रियांची हकीकत सांगते.

पहिल्या कमला भागवत, म्हणजे लग्नानंतरच्या कमला सोहोनी. लेखिका दुर्गाबाई भागवत ह्यांच्या त्या धाकट्या बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. त्या पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि संशोधनासाठी बंगळूरच्या त्याच विज्ञान संस्थेत त्यांनी अर्ज केला. तिला तेव्हा टाटा इन्स्टिट्यूट म्हणत. संचालक होते नोबेल पारितोषिक मिळवलेले सर सी. व्ही. रामन. त्यांनी केवळ स्त्री म्हणून अर्ज नाकारला. कमलाबाई मुकाट्याने परतल्या नाहीत. त्या बंगळूरला गेल्या आणि कारण विचारीत ठाम राहिल्या. शेवटी अटी घालून प्रवेश मिळाला. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी धरणार नाही, काम पसंत पडले तरच पुढे ठेवू, आणि तुमच्या असण्याने इतरांच्या कामात व्यत्यय येता कामा नये, अशा त्या अटी. त्यांनी श्रीनिवासय्या ह्यांच्या मार्गदर्शनाखाली दूध आणि डाळी ह्यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षभरात रामनांचे मत बदलले आणि संस्थेत मुलींना वाट मोकळी झाली. १९३६ साली कमलाबाईंना संशोधनावर एम्. एस्सी. मिळाली. पुढे १९३९ साली त्यांनी इंग्लंडातील केंब्रिजला पीएच्. डी. मिळवली. शास्त्रात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री समजल्या जातात.

दुसऱ्या शकुंतला भगत, माहेरच्या जोशी. त्यांचे वडील पूल बांधणारे इंजिनिअर होते. मुंबईच्या व्ही. जे. टी. आय. मधून १९५३ साली सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पुढे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १९६४ साली त्यांनी ह्याच विषयातील वरची पदवी घेतली आणि मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये अवजड बांधकामांच्या प्रयोगशाळेचे काम पाहिले. पती अनिरुद्ध भगत ह्यांच्यासह त्यांनी पुलांसाठी एक नवी पद्धत काढली. पुलाचे ठराविक मापाचे भाग कारखान्यात तयार करायचे, आणि दरीच्या काठी नेऊन जोडायचे. १९७२ साली हिमाचल प्रदेशातील स्पितीमध्ये असा पहिला पूल झाला. १९७८ पर्यंत काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत एकूण ६९ पूल उभे राहिले. ज्या डोंगरी गावातली बाळंतीण नदी उतरली नाही तर दवाखान्यात पोचू शकत नाही, तिला पुलाची किंमत विचारावी. आणि पहा, ह्या बाईंनी संसार आणि पूल दोन्ही जोडीने केले.

कमलाबाईंनी डाळ आणि दूध ह्यांचा प्रश्न घेतला, आणि माझ्या लेकीने भिंतीच्या चिरेचा. मला ह्यात एक गोष्ट दिसते. प्रश्न कोणता घ्यावा हे प्रयोगशाळेत बसलेल्या माणसावर पुष्कळ अवलंबून असते. ज्याने दर दिवाळीला चीर बुजवली नाही, त्याला ती चीर दिसणार कशी? आपल्या गावच्या मुली तिथे गेल्या नाहीत, तर आपले प्रश्नही तिथे जाणार नाहीत.

आता पैशाचे. ह्या शिक्षणासाठी गेट नावाची परीक्षा असते. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. बी. ई. च्या तिसऱ्या वर्षापासून ती देता येते आणि तिचा निकाल तीन वर्षे चालतो. तेव्हा एक वर्ष हुकले म्हणून सारे संपले असे नाही. गेट उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत पूर्ण वेळ प्रवेश मिळालेल्यांना सरकारी नियमाप्रमाणे दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. ते कधी वेळेवर येते, कधी उशिरा. घरून थोडी सोय ठेवावी लागते. पण मुलगी ओझे होते असे म्हणता येणार नाही. आपल्या राज्य सरकारनेही २०२४-२५ पासून, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ केले आहे. ते आपल्या मुलीच्या अभ्यासक्रमाला लागू आहे का, हे प्रवेश घेण्यापूर्वी त्या संस्थेत विचारून घ्यावे.

पदवी मिळाल्यावर पुढे काय, हेही विचारावेच. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे तर नुसती बी. ई. पुरत नाही, ही पदवी लागते. खडकवासल्याला पाण्याची आणि नाशिकला माती, धरणे व बांधकामाचे साहित्य ह्यांची संशोधन संस्था आहे, तिथेही अशा माणसांचे काम असते. मात्र पदवी झाली की नोकरी दाराशी येऊन उभी राहते असे मी सांगणार नाही. नुसत्या पगारासाठी जायचे असेल, तर बी. ई. नंतर लगेच नोकरी करणारी मैत्रीण दोन वर्षे पुढे गेलेली दिसते. ज्या मुलीला एखादा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही, तिनेच हा मार्ग धरावा.

आता सर्वांत अवघड गोष्ट, लग्नाची. गेल्या मार्गशीर्षात माझ्या लेकीला एक चांगले स्थळ आले. माणसे भली आहेत. त्यांचे म्हणणे एकच, की बी. ई. झाली ती पुरे, पुढचे सोडून द्या, वैशाखात लग्न करू. आमच्या घरी चार दिवस कोणी नीट जेवले नाही. मोठे दीर म्हणाले, “असे स्थळ पुन्हा येत नाही.” ते प्रेमापोटीच म्हणाले. मी ह्यांना एवढेच म्हटले, “अर्धी बांधलेली भिंत कोणी विकत घेतो का? पावसात ती आधी पडते.” ह्यांनी निरोप धाडला, की प्रबंध पुरा झाला की आनंदाने करू, थांबता येत असेल तर थांबावे. अजून उत्तर आलेले नाही. येईल किंवा येणार नाही. रात्री मला झोप लागत नाही हे खरे आहे. पण हा निरोप परत घ्यावा असे एकदाही वाटले नाही.

ज्या मायबहिणीच्या घरी आज हा विचार चालू आहे, तिला मी “पाठवाच” असे सांगणारी कोण? पण होकार-नकार देण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. मुलीला विचारावे, तुझा प्रश्न कोणता, आणि तो मला माझ्या भाषेत सांग. तिला सांगता आला, तर तिला तो कळला आहे असे समजावे. मार्गदर्शक कोण, त्यांच्या हाताखालच्या आधीच्या मुलींची पदवी किती वर्षांत पुरी झाली, हे त्या मुलींनाच विचारावे. वसतिगृह संस्थेच्या आवारात आहे का, प्रयोगशाळेतून रात्री परत यायची काय सोय आहे, ते स्वतः जाऊन पाहावे. आणि विद्यावेतन सुरू होईपर्यंतच्या खर्चाची बेगमी आधी करावी. ह्या चारांची उत्तरे नीट मिळाली, तर मग लोक काय म्हणतील हा पाचवा प्रश्न विचारू नये.

मंडळाला माझी एक विनंती आहे. आपण दरसाल हळदीकुंकवाला वाण लुटतो. त्यातला थोडा भाग बाजूला काढून बाहेर शिकायला जाणाऱ्या मुलीला पहिल्या तीन महिन्यांसाठी बिनव्याजी उसने पैसे द्यावेत आणि विद्यावेतन सुरू झाले की तिने ते परत करावेत. माझ्याकडून ह्या कामासाठी आज ५०१ रुपये मी चिटणीसबाईंकडे देत आहे. रक्कम लहान आहे, पण सुरुवात होईल.